आठ दिवसांचा पाहुणा

दिवाळीच्या सुटीत मुलगी घरी आली की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. चकलीचा डबा फराळाच्या दिवसाआधीच निम्मा होतो, आणि माझ्या मराठीच्या प्राध्यापकीची परीक्षा होते. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते आहे. यंदा तिने एका शाळेतल्या मुलांपुढे मराठीतून व्याख्यान द्यायचे कबूल केले, आणि त्या व्याख्यानाची वही परवा सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली.

"बाबा, शास्त्र माझं मी बघते. तुम्ही फक्त मराठी बघा."

'फक्त मराठी' या शब्दांतली खोच मी चहाबरोबर गिळली आणि लाल पेन्सिल हातात घेतली. पहिले पान निर्विघ्न पार पडले. दुसऱ्या पानावर एक वाक्य होते : 'जिवाणूच्या आत राहणारा विषाणू आपल्या यजमानाचे इतर विषाणूंपासून रक्षण करतो.' व्याकरण चोख होते. पण 'यजमान' म्हटल्यावर 'पाहुणा' यायला नको का? मी 'आत राहणारा विषाणू' खोडून वर 'पाहुणा विषाणू' असे लिहिले आणि स्वतःवर खूश झालो.

तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले आणि तो शब्द खोडला. "पाहुणा नाही बाबा. पाहुणा जातो."

त्या एका शब्दापायी आमची सारी सकाळ गेली. पण 'पाहुणा जातो' हे वाक्य ऐकताच मला वहीतले काही दिसेनासे झाले आणि आमच्या जुन्या घराची माडी दिसू लागली. तिथे एक पाहुणा आठ दिवसांसाठी आला होता, आणि सव्वीस वर्षे राहिला होता.

तात्या हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कोर्टात कारकून होते. लग्न केले नव्हते. १९८३ साली डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आठ दिवसांनी पट्टी सुटली, पण तात्यांची वळकटी काही पुन्हा बांधली गेली नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. माझी खेळायची माडी गेली याचे मला अतोनात दुःख झाले होते. आई ताटात पोळी वाढताना कुरकुरत नसे, पण पोळ्या मोजत असे, हे मला आठवते.

"बाबा, ऐकताय ना?"

मी ऐकू लागलो. तिने मला सांगितले ते असे.

विषाणू हा शब्द कोरोनाने २०२० साली घराघरांत नेऊन पोचवला. पण विषाणू काही फक्त माणसाच्याच मानगुटीवर बसत नाहीत. जिवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात. पॅरिसच्या पास्टर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली त्यांना 'बॅक्टेरिओफाज' म्हणजे जिवाणूभक्षक असे नाव दिले. हल्ली त्यांना नुसते फाज म्हणतात. हा फाज जिवाणूच्या अंगावर उतरतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि तिथली सारी यंत्रसामग्री स्वतःच्या प्रती काढण्याच्या कामाला जुंपतो. तासाभरात शंभरेक फाज तयार होतात, जिवाणूची भिंत फुटते आणि ती टोळी पुढच्या घराकडे वळते.

"म्हणजे दरोडेखोर," मी म्हणालो.

"सगळे नाहीत. गंमत तिथेच आहे."

काही फाज आत शिरल्यावर दरोडा घालत नाहीत. ते आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएमध्ये ओवून टाकतात आणि स्वस्थ बसतात. जिवाणूची एकाची दोन झाली की तेही एकाचे दोन होतात. या निद्रिस्त अवस्थेला 'प्रोफाज' हे नाव आंद्रे ल्वॉफ या शास्त्रज्ञाने दिले. त्यांची प्रयोगशाळा त्याच पास्टर संस्थेत, पोटमाळ्यावर होती. १९५०च्या सुमारास त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकच जिवाणू एका इवल्याशा थेंबात ठेवला. तो दुभंगला की एक वेगळा काढायचा, दुसरा वाढू द्यायचा. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. थेंबात एकही सुटा फाज सापडला नाही, तरी प्रत्येक पिढीच्या अंगात तो होताच. म्हणजे तो बाहेरून पुन्हा पुन्हा येत नव्हता. वारशाने उतरत होता. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जिवाणूंवर अतिनील किरण टाकले, आणि तासाभराने जवळजवळ सगळे जिवाणू फुटून आतला फाज बाहेर पडला. ल्वॉफ यांना १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

"पोटमाळ्यावर?" मी विचारले.

"हो. का?"

"काही नाही."

'पाहुणा' गेला. मी 'भाडेकरू' सुचवला. भाडेकरू वर्षानुवर्षे राहतो. आमच्या पिढीला तर भाडेकरू वारशाने उतरतो हे समजावून सांगायची गरज नाही. मुलीने क्षणभर विचार केला. "भाडं देतो हे खरं. पण भाडं काय देतो ते आधी ऐका."

आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ नावाचा एक वाण आहे. १९२२ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून तो मिळाला. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला गेला, आणि त्याच्यावर शोधामागून शोध लागले. त्याच्या पोटात एक फाज राहतो आहे याचा कोणालाही पत्ता नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठात काम करणाऱ्या एस्थर लेडरबर्ग या बाईंनी तो हुडकला. त्यांच्याकडे के-१२चाच एक उपवाण होता. अतिनील किरणांच्या माऱ्यात त्याने आपला रहिवासी गमावला होता. मूळ वाण आणि हा उपवाण एकत्र वाढवले, तेव्हा तबकडीवरच्या वसाहती कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. मूळ वाणातून अधूनमधून सुटणारे फाज त्या रित्या जिवाणूंना मारत होते. ज्यांच्या घरात तो होता, त्यांना मात्र बाहेरून आलेल्या त्याच्याच भावंडांनी धक्का लावला नाही. लेडरबर्गबाईंनी हा शोध १९५१ साली जाहीर केला. त्या फाजला नाव मिळाले लॅम्डा.

"म्हणजे तीस वर्षं तो होता, आणि कळलं केव्हा? ज्याच्याकडून तो गेला त्याची दशा पाहिल्यावर," मुलगी म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"त्याने भावंडांना अडवलं कसं?" मी विचारले. माझा आवाज जरा वेगळा आला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिले.

तिने वहीत एक आकृती काढली. लॅम्डा पेशीत असताना एक प्रथिन तयार करतो. त्याला रोधक म्हणतात. या रोधकाचे काम लॅम्डाच्याच बाकीच्या जनुकांना कुलूप लावून ठेवणे. ते कुलूप आहे म्हणून तो झोपलेला असतो. प्रती काढत नाही, घर फोडत नाही. आता बाहेरून दुसरा लॅम्डा आला आणि त्याने आपला डीएनए आत सोडला, तर पेशीत हा रोधक आधीच हजर असतो. तो नव्याच्याही जनुकांना तेच कुलूप लावतो. नवा आत येतो, पण हात बांधल्यासारखा पडून राहतो. हे प्रथिन मार्क ताश्ने यांनी हार्वर्ड विद्यापीठात १९६७ साली वेगळे काढून दाखवले.

"थांब," मी म्हणालो. "म्हणजे राखणीसाठी त्याच्याकडे वेगळं हत्यार नाही?"

"भाऊबंदांसाठी नाही. ज्यानं तो स्वतःला आवरतो, त्यानंच तो त्यांना अडवतो. एकच प्रथिन."

एकच प्रथिन! मला ओसरीवरची ती दुपार आठवली.

माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी वडिलांचे दुसरे दोन चुलतभाऊ आले. घराची जागा आजोबांच्या वडिलांच्या नावची. वाटणीचा कागद कधी धड झालेला नव्हता. त्यांनी आईपुढे हक्कसोडपत्र ठेवले. ते मोठ्या मायेने बोलत होते. मुलांचे शिक्षण ते बघणार होते, आईला माहेरी पोचवणार होते. आईचा हात पेनाकडे गेलेला मी दाराआडून पाहिला. तेवढ्यात माडीवरून तात्या उतरले. ते ओरडले नाहीत. कागद उचलून त्यांनी तो वाचला, कोर्टातल्या सवयीने दोनदा वाचला, आणि म्हणाले, "या घरात जेवढा तुमचा हक्क, तेवढाच माझा. चार वर्षं मी इथं राहतोय आणि मी तो मागितला नाही. मी मागत नाही, तर तुम्ही कोणत्या तोंडाने मागता?"

दोघे निघून गेले. त्यानंतर तात्या असेपर्यंत कोणी आले नाही.

मला हे सारे पाठ होते. पण अर्थ मी भलताच लावला होता. बाविसाव्या वर्षी माणसाला सगळ्यांचे अंतःस्थ हेतू दिसू लागतात. त्यातून मी साहित्याचा विद्यार्थी. पात्रांच्या कृतीमागचा हेतू शोधण्याबद्दल मला चांगले गुण मिळत. एकदा कसल्याशा क्षुल्लक वादात, बहुधा माडीवरच्या दिव्याच्या बिलावरून, मी तात्यांना म्हणालो, "तुम्ही आमच्यासाठी नाही भांडलात. तुमची खोली जाऊ नये म्हणून भांडलात."

तात्या अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात न थांबवता म्हणाले, "खोली तर हवीच होती रे."

मला तो कबुलीजबाब वाटला. खटला जिंकल्यासारखा मी जिना उतरलो.

"पुढे सांग," मी मुलीला म्हणालो.

तिने पुढचे पान उलटले. रोधकाचे कुलूप फक्त सख्ख्या भावंडांना लागू पडते. अगदी परका फाज आला तर? त्यासाठीही लॅम्डाकडे एक युक्ती आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सेमूर बेंझर नावाचे पदार्थविज्ञानातून जीवशास्त्राकडे वळलेले शास्त्रज्ञ होते. टी-४ नावाच्या एका जहाल फाजचे काही दोषी वाण इतर जिवाणूंत मजेत वाढतात; पण लॅम्डा राहत असलेल्या के-१२मध्ये वाढत नाहीत, हे त्यांनी पाहिले. १९५५ साली त्यांनी याच विचित्र गोष्टीचा चाळणीसारखा उपयोग करून घेतला, आणि जनुक म्हणजे न फुटणारा मणी नव्हे, त्याच्या आतही तुकडे जुळतात व तुटतात, हे दाखवून दिले. लॅम्डा हे कसे घडवतो ते पुढे उलगडत गेले. त्याची रेक्स नावाची दोन जनुके त्याच्या निद्रेतही जागी असतात. परका शिरल्याची चाहूल लागली की त्यांच्या प्रथिनांमुळे पेशीच्या पडद्याला जणू भोक पडते. आतली शक्ती गळून जाते. पेशी निकामी होते, पण परक्याची पिलावळही जन्मत नाही. शेजारच्या पेशी वाचतात.

"पहारेकरी!" मी म्हणालो.

"घरासकट स्वतःला संपवणारा?" ती म्हणाली. "आणि शेजारच्या पेशीत कोण बसलेलं असतं ते विसरू नका. त्याचीच प्रत. शिवाय हा पहारा अभेद्य नाही. धडधाकट टी-४कडे या युक्तीवरचा उतारा असतो. ज्यांच्याकडून तो हरवलाय तेच दोषी वाण अडकतात."

मग तिने अलीकडचे दोन दाखले सांगितले. आफ्रिकेत रक्तात उतरून माणसे मारणाऱ्या साल्मोनेलाच्या एका वाणात राहणारा फाज बीएसटीए नावाचे प्रथिन बनवतो. त्याने अनेक परके फाज अडतात. पण स्वतःला बाहेर पडायची वेळ आली तर स्वतःच्याच सापळ्यात सापडायचे की काय? तशी सोय त्याने करून ठेवली आहे : त्याच्याच डीएनएमध्ये एक छोटासा भाग असा आहे की तो असला म्हणजे सापळा त्याच्यापुरता निकामी होतो. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आणि २०२२ साली पास्टर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले की पी-२ नावाच्या फाजच्या गोतावळ्यात सगळ्यांच्या डीएनएमध्ये ठरावीक जागी एक कोनाडा असतो, आणि त्या कोनाड्यात प्रत्येकाने निराळे हत्यार ठेवलेले असते. ज्या जिवाणूंचे जनुकसंच वाचले गेले आहेत त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत असा कोणी ना कोणी रहिवासी आहे. तेव्हा फाज सोडून रोगजंतू मारावेत असा जो उपचार डॉक्टर करू पाहतात, त्यात कधी कधी आडवा येतो तो जिवाणू नव्हे, जिवाणूच्या आतला हा राखणदार.

"म्हणजे आपल्या दृष्टीने तो काही भला नाही," मी म्हणालो.

"मुळीच नाही. घटसर्पाचं विष आणि पटकीचं विष, दोन्ही असल्याच रहिवाशांनी जिवाणूला दिलेली आहेत. ते जिवाणूच्या घरचे, आपले नव्हेत."

"आणि जिवाणूचे तरी किती? अतिनील किरण पडले की घर फोडून पळतोच ना?"

"पळतो. किरणांनी पेशीच्या डीएनएला इजा झाली की पेशीची धोक्याची घंटा वाजते, रोधक तुटतो आणि कुलूप उघडतं. घर बुडणार असं दिसलं की तो निघाला." मग माझा चेहरा पाहून ती हसली. "बाबा, तुम्ही परत माणसं शोधताय. जिवाणूला मन नसतं, विषाणूला तर नाहीच नाही. तो प्रेमानं राखत नाही आणि मतलबानंही राखत नाही. ज्यांच्या आतल्या रहिवाशानं दार सांभाळलं ती घरं टिकली, आणि घराबरोबर तोही टिकला. ज्यांनी नाही सांभाळलं ती दोघंही गेली. बस्स."

मी गप्प बसलो. एका मराठीच्या प्राध्यापकाला हा उपदेश झोंबायला हवा होता. पण मला मोठा सुटल्यासारखा भास झाला. सारा जन्म मी एकाच प्रश्नाचे ओझे वाहत होतो : तात्यांनी आमच्यासाठी केले की स्वतःसाठी? जणू या दोन पारड्यांत कुठेतरी एक घालायलाच हवे. इथे एक जीव होता, धड जीवही नव्हे, त्याच्यापुढे ही दोन पारडी मांडताच येत नव्हती. त्याचे टिकणे आणि घराचे टिकणे यांच्यात सुरी घालायला फटच नव्हती. 'खोली तर हवीच होती रे' हा कबुलीजबाब नव्हता. ज्या घरात आपली खोली आहे, ते घर राखायचे. यात लपवण्यासारखे काय आहे, असे ते मला साधेपणाने सांगत होते.

आणि त्या दुपारचे ते वाक्य! 'मी मागत नाही, तर तुम्ही कोणत्या तोंडाने मागता?' चार वर्षे त्यांनी स्वतःच्या हक्काला जे कुलूप घातले होते, तेच त्यांनी भावांच्या हक्काला लावले होते. त्यांच्याजवळ दुसरे हत्यार नव्हते. त्या कारकुनाला ना पैसा होता, ना वकील. स्वतःला आवरले होते एवढीच त्याची ताकद. पोळ्या मोजणाऱ्या घरात ते मुकाट्याने राहिले, ते मला मिंधेपण वाटत आले. ती राखण होती.

मात्र एका ठिकाणी हे साम्य मोडते, आणि ते मोडते याचा मला आनंद आहे. १९९४ साली आई अंथरुणाला खिळली. घरात पैसा नव्हता, घर विकावे लागेल अशी बोलणी चालली होती. पळायला तो मुहूर्त उत्तम होता. तात्यांनी आपल्या पेन्शनीवर कर्ज काढले आणि रोज सकाळी आईच्या खोलीबाहेर बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. आई उठली. कुलूप उघडले नाही.

तात्या २००९ साली गेले. वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्याच भाऊबंदांच्या मुलांची वकिलामार्फत नोटीस आली. बावीस वर्षांत कोणी या घराकडे फिरकले नव्हते, आणि त्याचे कारण काय याचा मी कधी विचारही केला नव्हता. कुरतडल्यासारखी दिसू लागली ती आमची वसाहत! दोन वर्षे खेटे घालून शेवटी मागच्या परसाची पट्टी देऊन मी ते मिटवले. त्या पट्टीत तात्यांनी लावलेले पारिजातकाचे झाड होते.

मी त्यांची माफी मागितली नाही. त्या बोलण्यानंतर ते अकरा वर्षे होते. अकरा वर्षे रोज आमची जिन्यात गाठ पडत होती. वेळ नव्हता असे मला म्हणता येत नाही.

"मग शब्द काय घालू?" मुलीने वही पुढे ओढत विचारले. "प्रोफाज हेच राहू दे का?"

तेव्हा मला रेशनकार्डाची आठवण झाली. वडिलांच्या पश्चात नवे कार्ड काढताना मी आईबरोबर कचेरीत गेलो होतो. कारकुनाने तात्यांच्या नावापुढे पेन थांबवून विचारले, "नातं?" चुलतदीर म्हणायचे तर कार्ड वेगळे काढा म्हणतील, या भीतीने असेल किंवा आणखी कशाने असेल, आई एकदम म्हणाली होती, "घरचेच आहेत." कारकुनाने मान न उचलता 'घरचे' असे लिहून टाकले. पोळ्या मोजणाऱ्या आईच्या तोंडून तो शब्द आला होता.

"प्रोफाज राहू दे," मी म्हणालो. "शास्त्राला तो हवाच. पण मुलांना समजावून सांगताना म्हण, घरचा."

तिने जरा वेळ त्या शब्दाकडे पाहिले. मग 'प्रोफाज'च्या पुढे स्वल्पविराम देऊन तिने लिहिले : 'म्हणजे आठ दिवसांसाठी आलेला आणि घरचा झालेला विषाणू.'

"आठ दिवस कशाला?" मी विचारले. "हे शास्त्रात बसत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तात्याआजोबा मला आठवतात, बाबा. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आजी म्हणायची, आठ दिवसांसाठी आले होते हो, आणि डोळे पुसायची."

मी लाल पेन्सिल उचलली, ते वाक्य पुन्हा एकदा वाचले, आणि काही न खोडता वही तिच्या हाती दिली.